सौंसरच्या खाटेवरचा पाहुणा

सौंसर कुठे आलं, असं मला इथे आमच्या गावात ज्याने त्याने विचारलं. मध्य प्रदेशात, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्ही त्यांच्याशी बोललात कसं? मराठीत बोलले. तिथे पाट्या हिंदीत आहेत, सरकारी कागद हिंदीत आहेत आणि भांडणं मराठीत होतात. त्यांची मराठी नागपूरकडची. काय करताय, असं न विचारता ‘काय करून राहिले’ विचारतात. कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दोन दिवसांत कान सरावतो.

मी फिरायला गेले नव्हते. माझी मधली लेक मंगल नागपूरला नर्सिंग शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. आता ती पांढुर्ण्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचे सासू-सासरे सौंसरच्या बाहेर त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात राहतात, दोघंच. जावई फळांचा व्यापार करतात, हंगामात त्यांचा पत्ता नसतो. दसऱ्याच्या सुमारास व्याह्यांना हृदयाचा झटका आला. नागपूरला नेलं, स्टेंट टाकला, घरी आणलं. डॉक्टरांनी मंगलला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय कमजोर झालंय, पुन्हा बंद पडू शकतं.

मंगलचं म्हणणं, दोघांनी पांढुर्ण्याला तिच्या घरी यावं. व्याह्यांचं म्हणणं, बगीचा सोडणार नाही. तिने मला फोन केला, ‘आई, तू ये. तुझं ते ऐकतील.’ माझं कुणी ऐकत नाही. पण मी बोलायला भीत नाही, म्हणून तिने बोलावलं असणार. कांद्याची रोपं टाकून झाली होती. मी निघाले.

तिगाव

मला जायचं होतं पांढुर्ण्याला आणि मी उतरले तिगावला. नागपूरहून पुढच्या पॅसेंजरमध्ये एक बाई समोर बसली होती. तिने पिशवीतला कांदा दाखवून विचारलं, हा किती दिवस टिकेल? मी मान दाबून बघितली आणि सांगितलं की टिकणार नाही, मान ओली आहे. ती म्हणाली टिकेल. लासलगावकडच्या बाईला कांद्यातलं सांगायला लागली. आमचा वाद मिटेपर्यंत पांढुर्णा येऊन गेलं होतं.

तिगावचं स्टेशन लहान. बाहेर मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधलेला एक माणूस उभा होता. त्याला विचारलं तर तो हसायला लागला.

‘पांढुर्ण्याले जायचं होतं अन् तिगावले उतरल्या? बरं झालं आजी, तिगाव पाहून झालं तुमचं.’

‘काय आहे बघायला?’

‘काहीच नाही. बसा मागं. फक्त दूध सांडू देऊ नका.’

‘तू मला सांडू नकोस. दुधाचं मी बघते.’

दोन्ही मांड्यांना कॅन घासत मी पांढुर्ण्यात शिरले. मंगल स्टेशनवर माझी वाट बघत होती. मला दुधाबरोबर आलेली बघून तिने आधी पिशवी घेतली. तिला सवय आहे.

पांढुर्णा

गाव मोठं आहे. मधून जाम नदी जाते, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. मंगलच्या शेजारणीने मला ती जागा हौसेने दाखवली. मी विचारलं, कशाला मारतात? ती म्हणाली, आधीपासून मारतात.

जेवण मला आवडलं. सकाळी ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी, दुपारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. रस्सा इतका तिखट की आमच्याकडे बारशाला केला तर पाहुणे बाळाला न बघता परत जातील. तेल वर तरंगत असतं आणि ते त्यांना कमीच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंगल मला एका जिनिंगवर, कापसातून सरकी काढतात तिथे घेऊन गेली. हंगाम चालू होता. कापसाच्या गाड्या दारापासून रस्त्यापर्यंत उभ्या. आवारात पांढरे डोंगर आणि हवेत इतके तंतू की शिंकल्याशिवाय बोलता येत नाही. तिथल्या हमालांना ती छाती दाबायला शिकवणार होती. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नाही, तर आधी १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत त्याची छाती दाबत राहायचं. दुसरा कुणी असेल तर दोन-दोन मिनिटांनी हात बदलायचा. हृदय थांबलेलं असतं, त्याचं काम आपल्या हातांनी करायचं.

शिकवण्यासाठी तिच्याकडे रबराचा एक माणूस आहे. डोकं आणि छाती एवढाच, हात-पाय नाहीत. पिशवीत घालून स्कूटरवर पुढे ठेवते, डोकं बाहेर. रस्त्यात पोरं ओरडतात, ‘सिस्टर, पाहुणा आणला का?’ म्हणून सगळे त्याला पाहुणाच म्हणतात. पाहुण्याच्या छातीवर मधोमध एक चपटी डबी ठेवतात आणि तिच्यावर तळहात ठेवून दाबतात. डबी टकटक करते, त्या तालावर दाबायचं. साधारण दोन इंच छाती खाली गेली की हिरवा दिवा. कमी गेली तर पिवळा. दाबून वर पुरतं सोडलं नाही तर लाल.

मला ती डबी लगेच आवडली. तिला माणूस बघून बोलायची सवय नाही. 

पहिला भाऊराव नावाचा हमाल पुढे झाला. खांदे बैलासारखे. त्याने एकदा दाबलं आणि पाहुणा जमिनीत जातो की काय असं वाटलं. पण दिवा लाल.

‘सोडा भाऊ,’ मंगल म्हणाली. ‘दाबलं की सोडायचं.’

‘सोडून राहिलो ना ताई.’

‘नाही सोडलं. वजन तसंच आहे वर.’

पुन्हा लाल. दुसरा आला, तोही लाल. तिसराही. मंगलला कळेना. मग भाऊरावच म्हणाला, ‘ताई, आमी जन्मभर कापूस दाबला. गाडीत पायानं, बोऱ्यात हातानं. दाबून सोडला की कापूस वर येते. मंग पुन्हा दाबा. म्हणून दाबलं की दाबूनच ठेवाव लागते.’

‘इथे वर येऊ द्यायचं,’ मंगल म्हणाली. ‘वर आल्यावर त्यात रक्त भरतं. भरलंच नाही तर पुढच्या वेळी ढकलाल काय?’

‘हापशासारखं,’ मी म्हटलं. ‘दांडा वर आणला नाही तर खाली कितीही दाबा, पाणी येत नाही.’

‘हां, हापशी सांगा ना मंग!’ भाऊराव म्हणाला. ‘रक्त काहून सांगता?’

त्यानंतर त्यांना जमलं. एकमेकांना शिव्या देत, ‘कापूस नको करू बे त्याचा’ म्हणत. मीही करून बघितलं. हिरवा आला, पण थोड्याच वेळात हातातलं बळ संपलं आणि माझा श्वास पाहुण्यापेक्षा वाईट झाला. लोक समजतात तेवढं हे सोपं नाही.

सौंसर

तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. मीही तेच लिहिते. मंगल सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणते.

बगीचा सुंदर आहे. झाडं माणसाच्या उंचीहून थोडी मोठी, फांद्या फळांनी वाकलेल्या, खाली बांबूचे टेकू. आमच्याकडे पीक जमिनीत असतं, उपटल्याशिवाय कळत नाही काय आलंय. इथे सगळं डोळ्यांसमोर लटकतं. फळांची तोड सुरू व्हायला आठ-पंधरा दिवस होते.

इवाई नामदेवराव खाटेवर टेकून बसले होते. उंच, हाडापेराने मोठे, आता ओसरलेले. मला बघताच म्हणाले, ‘या ईनबाई. मले उचलाले आल्या का?’

‘तुम्हाला कोण उचलणार? मी सांगायला आले.’

‘सांगून टाका म्हणजे जेवता येईन.’

‘पांढुर्ण्याला जा.’

‘नाही जात. सांगून झालं?’

‘झालं.’

‘जेवा मंग.’

ईनबाई कौसल्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या इवाईंच्या अर्ध्या. संत्र्याचं भरलेलं कॅरेट आणि त्या, यात कोण जड हे तराजूवरच ठरवावं लागेल. झटका आला त्या दिवशी जावई योगायोगाने इथे होते, म्हणून निभावलं. एरवी रात्रंदिवस त्याच एकट्या असतात.

जेवणानंतर मंगलने पाहुणा बाहेर काढला आणि स्पष्ट बोलली. ‘मामाजी, तुम्हाला इथेच राहायचं ना? मग आत्याबाईंना हे यायला हवं. गाडीला सौंसरहून इथवर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्हाला धरून ठेवणारं दुसरं कुणी नाही. दोन मिनिटं हिरवा दिवा टिकवून दाखवला, तर मी पुन्हा पांढुर्ण्याचं नाव काढणार नाही. नाही टिकला, तर दोघांनी यायचं.’

‘मंजूर,’ इवाई म्हणाले. ‘नाहीतर तिथं गॅलरीत बसून मी काय करू? कबुतरं मोजू?’

म्हणजे त्यांचा बगीचा आता ईनबाईंच्या हातांवर आला. ईनबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी आधी पाहुण्याच्या उघड्या अंगावर टॉवेल टाकला. मंगलने काढला. मग त्यांनी डबीवर तळहात ठेवला, तव्यावर ठेवावा तसा. दाबलं. पिवळा.

‘जोर लावा, आत्याबाई.’

‘लावून राहिली ना वो!’

खाटेवरून इवाई म्हणाले, ‘पाहुण्याले गुदगुल्या होऊन राहिल्या.’

‘तुमी चूप बसा. मोडली त्याची फासळी तं?’

‘मोडू द्या,’ मंगल म्हणाली. ‘फासळी जुळून येते. थांबलेलं हृदय तसंच पडून राहिलं तर माणूस जातो.’

पिवळा. पिवळा. पिवळा.

याचं कारण मला दुसऱ्या दिवशी दिसलं. पडीची, म्हणजे गळून पडलेली फळं निवडायला त्या झाडाखाली बसल्या होत्या. फळ उचलतात, एकदा फिरवतात, ठेवतात. बोट रुतत नाही. मी एक उचलून सवयीने देठाशी दाबून बघितलं, तर माझ्या हातावर चापट बसली.

‘काय करून राहिल्या? दाबलेला संत्रा चार दिवसांत काळा पडते अन् सोबतचे सारे नासवते.’

‘आम्ही कांदा दाबूनच घेतो.’

‘म्हणून तुमचा हात असा हाये,’ त्या म्हणाल्या. ‘व्यापारी म्हणते, कौसल्याबाईनं भरलेलं कॅरेट उघडून पाहाव लागत नाही.’

लग्न होऊन आल्यापासून या बाईने कुठलीही गोष्ट न दाबण्याचा सराव केला होता. आता तिला दोन इंच दाबायला सांगितलं होतं.

मंगल ड्युटीवर गेली. पाहुणा आणि डबी आमच्याकडे ठेवून गेली, रविवारी येते म्हणाली. ईनबाई उठता बसता सराव करू लागल्या. जमिनीवर बसून त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून एका दुपारी इवाई झाडांत फेरी मारायला गेल्यावर त्यांनी पाहुण्याला इवाईंच्याच खाटेवर निजवलं आणि स्वतः उभ्या राहून दाबायला लागल्या. मी पायथ्याशी बसून शेंगा सोलत होते.

हिरवा लागला.

पहिल्यांदा आमचा विश्वास बसला नाही. पुन्हा केलं. हिरवा, आणि टिकूनही राहिला. इवाई धापा टाकत आले, त्यांना दाखवला. ईनबाईंनी मंगलला मोबाईलवर दाखवला, डबी अगदी जवळ धरून. मंगल तिकडून ओरडली, ‘अहो, जमलं की!’ इवाईंनी मिशी पुसली. त्या संध्याकाळी ईनबाईंनी वांगी भाजून भरीत केलं, आणि मला पहिल्यांदाच आग्रह करून वाढलं.

जामसांवली

ईनबाईंनी मारुतीला नारळ कबूल केला होता. जावई दोन दिवसांसाठी आले होते, ते वडिलांजवळ थांबले आणि आम्ही दोघी जीपने जामसांवलीला गेलो.

इथला मारुती उभा नाही, बसलेलाही नाही. पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. लांबून लांबून लोक येतात, आजारी माणसांना घेऊन येतात. कुणी दिवस दिवस राहतात. माझ्या शेजारी एक मुलगी आपल्या आईला भात भरवत होती आणि आई तोंड फिरवत होती. मुलगी पुन्हा पुन्हा घास पुढे करत होती, न रागावता. मला तेवढं जमलं नसतं.

ईनबाई नारळ फोडून आल्या. तोंड उजळलेलं. मी त्या निजलेल्या देवाकडे बघत होते. खालून पक्का, कुठे हलायची सोय नाही. कालपासून मनात काहीतरी टोचत होतं, ते तिथे नीट कळलं.

‘ईनबाई,’ मी म्हटलं, ‘काल पाहुणा दाबला गेला नाही. खाट दाबली गेली.’

‘म्हणजे?’

‘मी पायथ्याशी बसले होते. तुम्ही दाबत होतात तेव्हा मी वर-खाली होत होते. खाटेच्या पट्ट्या ढिल्या आहेत. हात खाली गेला तो खाटेबरोबर गेला. डबीला हात खाली गेलेला कळतो. छाती गेली की खाट गेली, ते तिला कळत नाही.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हातात खोबऱ्याचा तुकडा तसाच.

‘तुमाले पाहवलं नाही ना?’ त्या म्हणाल्या. ‘तुमाले लेकीची बाजू जिंकाची हाये.’

‘मला लेकीची बाजू नको आणि तुमचीही नको. इवाई पडले आणि तुम्ही खाट दाबत बसलात, तर काय उपयोग?’

‘देवापुढं नारळ फोडला मी आत्ताच.’

‘खोबरं खा मग. देवाने काही खाटेवर चढून बघितलं नव्हतं.’

हे मी जरा जास्त बोलले, पण बोलले. जीपमध्ये एकजण सरकून बसा म्हणाला, तर माझ्याकडे न सरकता त्या दाराकडे सरकल्या.

परत बगीच्यात

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी पाहुण्याला खाटेवरून उचललं, जमिनीवर ठेवलं, गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी घेतली आणि दाबलं.

पिवळा.

पुन्हा. पिवळा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मंगलले सांगान?’

‘तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर मी सांगेन.’

‘सांगतो मीच,’ त्या म्हणाल्या. तिकडच्या बायका ‘सांगतो’ म्हणतात. ‘रविवार अजून आला नाही.’

रविवारपर्यंत त्यांनी मला आणि पाहुण्याला सोडलं नाही. मंगलने हमालांना सांगितलेलं मला आठवत होतं, तेवढं मी सांगत होते. कोपर वाकवू नका. खांदे बरोबर हातांच्या वर आणा. हाताने दाबू नका, अंग वरून सोडा. हलकी बाई आहे, पण सगळी मिळून हातांवर आली की काहीतरी वजन होतंच. दुसऱ्या दिवशी पहिला हिरवा लागला. मग पिवळा. मग दोन-चार हिरवे एकामागून एक. संध्याकाळपर्यंत त्यांची मनगटं सुजली. मी हळद आणि तेल गरम करून लावलं. इवाई खाटेवरून बघत होते. आधी टोमणे मारायचे, आता मारत नव्हते.

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तर इवाई झोपले होते आणि ईनबाई खाटेशी उभ्या होत्या. सदऱ्याची बटणं उघडून त्यांनी तळहात इवाईंच्या छातीवर ठेवला होता. नुसता ठेवला होता. जित्या माणसावर दाबायचं नसतं, मंगलने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इवाईंनी डोळे उघडले.

‘काय करून राहिली वो?’

‘जागा पाहून राहिली.’

‘जिता हाय मी अजून.’

‘म्हणूनच पाहून राहिली. मंग कधी पाहू?’

इवाईंनी तो हात बाजूला केला नाही. मी पाणी न पिताच बाहेर आले.

रविवारी मंगल आली, जावईही पुन्हा आले होते. ईनबाईंनी उंबऱ्यातच तिला खाटेचं सांगून टाकलं, माझं नाव न घेता. मंगलचा चेहरा उतरला. ‘चूक माझी,’ ती म्हणाली. ‘खाटेवर, गादीवर करायचं नाही, खाली कडक लागतं, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मोबाईलवर मला दिवा दिसला, खाट दिसली नाही.’

मग तिने पाहुणा जमिनीवर ठेवला आणि मोबाईलवर वेळ लावली. सगळे भिंतीला टेकून बसलो. इवाई खाटेच्या कडेवर.

ईनबाईंनी पदर खोचला. गोधडीवर गुडघे टेकले. सुरुवात चांगली झाली. हिरवा, हिरवा, हिरवा. टकटकीच्या तालावर त्यांचं सगळं अंग खाली येत होतं, वर जात होतं. जावई नकळत मान हलवत होते. मग एक पिवळा आला. त्यांनी ओठ आवळले, पुन्हा हिरवा आणला. पुन्हा पिवळा. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून पाहुण्याच्या तोंडावर पडायला लागला. कोपरं थरथरत होती. श्वासाचा आवाज टकटकीपेक्षा मोठा झाला. आता पिवळेच जास्त होते, मधूनच एखादा हिरवा. प्रत्येक हिरव्यासाठी त्या तोंडातून आवाज काढत होत्या. ओझं उचलताना काढतो तसा.

मी दिव्याकडे बघत होते. इवाई दिव्याकडे बघत नव्हते.

‘बस,’ इवाई म्हणाले.

त्या थांबल्या नाहीत.

‘बस कर वो. ऐकून राहिली का? पांढुर्ण्याले जाऊ. जाऊ आपण. बस कर आता.’

त्या थांबल्या नाहीत. इवाई उठून उभे राहिले. जावयांनी त्यांचा दंड धरला. मंगल माझ्याकडे बघायला लागली, तिचे डोळे भरले होते. मी तिला खुणेने सांगितलं, घड्याळ बघ. पिवळा, पिवळा, हिरवा, पिवळा. शेवटी मोबाईल वाजला आणि ईनबाई पाहुण्यावरून बाजूला झाल्या, जमिनीवर बसल्या. थोडा वेळ नुसत्या धापा टाकत होत्या. मंगलने पाणी दिलं, ते त्यांनी अर्धं अंगावर सांडलं.

‘तुले म्हणलं ना थांब म्हणून?’ इवाई म्हणाले. आवाज चढवायला गेले, पण चढला नाही.

‘ऐकलं मी. मधात थांबाचं नसते. मंगलनं सांगितलं हाये, गाडी येईस्तोवर थांबाचं नाही.’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘आता बोला. काय म्हणत होते?’

इवाई खाटेवर बसले. ‘पांढुर्ण्याले जाऊ म्हणलं.’

‘माह्यानं नाही झालं म्हणून?’

‘नाही. मी इकडं आडवा पडून राहीन, अन् तू एकटी हे करत बसशीन. मले ते पाहवणार नाही.’

‘तुमी पाहाले असान काय तवा?’ ईनबाई म्हणाल्या.

जावई हसले आणि मग त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मंगलने पाहुण्याच्या छातीवरची डबी काढून हातात धरली. बाहेर झाडांत पाखरं फळांवर बसली होती, पण त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.

‘तर मग सामान आवरू?’ मंगलने हळूच विचारलं. ‘आजच निघायचं का?’

‘कोन निघते आज?’ ईनबाई म्हणाल्या. ‘तोड होऊ द्या आधी. संत्रा झाडावर टाकून मी कुठं जात नाही. व्यापारी काय म्हणन? हे जातो म्हणतात तं जाऊ द्या ह्यांले.’

इवाई त्यांच्याकडे बघत राहिले. ‘पाहा बरं,’ ते मला म्हणाले, ‘मी हो म्हणलं तं हे नाही म्हणते.’

जावई म्हणाले की तोड होईपर्यंत ते एक रात्रही बाहेर काढणार नाहीत, माल दुसऱ्याकडून पाठवतील. मंगल म्हणाली, मग त्यांनीही आजच शिकायचं, आणि त्यांना पाहुण्यासमोर बसवलं. त्यांनी पहिल्यांदा दाबलं तेव्हा ईनबाई, अजून धाप लागलेली असताना, जमिनीवरूनच ओरडल्या, ‘कोपर वाकवू नको रे! अंग सोड वरून!’

मंगल पुन्हा माझ्याकडे वळली, मी काहीतरी बोलून ईनबाईंना लवकर निघायला लावावं म्हणून.

‘माझ्याकडे काय बघतेस?’ मी म्हटलं. ‘ऐकलंस ना, तोड झाल्यावर.’